रिकामं भांडं परत देऊ नये

"मंगलाष्टक एकदाच म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा म्हणलं की त्याचं नुसतं गाणं होतं."

भगवानराव हे एका वरबापाला भर मांडवात म्हणाले होते. वरबापाला थोरल्याच्या लग्नातलंच मंगलाष्टक धाकट्याच्या लग्नात हवं होतं, फक्त नावं बदलून. भगवानरावांनी मुठीतल्या अक्षता ताटात परत टाकल्या, मांडवामागं आचाऱ्याच्या चुलवणाजवळ तांदळाच्या पोत्यावर बसले आणि अर्ध्या तासात नवं लिहून आणलं. मुहूर्त टळला. तसंही मुहूर्तावर लागलेलं लग्न वालूरमध्ये कुणाला आठवत नाही.

भगवानरावांची चार एकर काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन, दोन बैल होते ते आता एक गाय, आणि लग्नसराईत मंगलाष्टकं. आवाज गोड नव्हता. नवीन दोर रहाटावरून जाताना करकरतो तसा होता. पण त्यांचं मंगलाष्टक सुरू झालं की मांडवातली बडबड थांबायची, कारण त्यात कुणाचं काय निघेल याचा नेम नसायचा. लग्नाच्या दोन दिवस आधी ते नवरीच्या घरी जाऊन बसत, चहा घेत आणि तिच्या आईला भलतंच काहीतरी विचारत. लहानपणी ही कशाला भ्यायची? कोणतं काम सांगितलं की पोट दुखायचं? मग मांडवात, गंगा-यमुनांच्या ओळी संपल्यावर, शार्दूलविक्रीडिताच्या भारदस्त चालीत पालीला भिणारी, भांडी घासायच्या वेळी हमखास अभ्यास आठवणारी ती पोर उभी राहायची. लोक हसत, नवरी मुंडावळ्यांआड हसे, आणि अक्षता चुकीच्या जागी पडत. मोबदला म्हणून ते नारळ घेत, आणि बायकोसाठी, कस्तुराबाईंसाठी, एक खण.

ही सगळी मंगलाष्टकं आधी वह्यांत होती. वह्यांना वाळवी लागली. सेलूतला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा भगवानरावांनी तिथला एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला, अर्धवट खाल्लेल्या वह्या समोर ठेवल्या आणि दोन बोटांनी दोन वर्षं टंकत बसले. "ह्याला वाळवी लागत न्हाई," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मंजुषा, त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. ओळीतला काना राहिला की ती मागून ओरडायची.

कॉम्प्युटर आला तसे पेनड्राइव्ह आले. लग्न झालेलं जोडपं आपलं मंगलाष्टक मागायला यायचं, सोबत पेनड्राइव्ह आणायचं. आणि इथं कस्तुराबाईंनी, ज्यांनी माऊसला आयुष्यात हात लावला नाही, गावाला एक वळण लावून दिलं. एकदा गल्लीतल्या किशनरावांचा पेनड्राइव्ह भगवानरावांनी काम झाल्यावर तसाच परत पाठवायला काढला.

"त्यात काय घातलं?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"काय घालायचं? त्येंचं होतं ते मी घेतलं. आता रिकामा हाय."

"रिकामं भांडं देताव लोकाच्या घरी? वाटी आली तर साखर तरी घालून देतो आपण. घाला कायतरी!"

भगवानरावांनी हसत एक कीर्तन घातलं. किशनरावांच्या घरून पुढच्या वेळी बैलपोळ्याचे फोटो आले. गल्लीला गंमत वाटली, मग सवय लागली. विरजण जसं या घरातून त्या घरात जातं तसे पेनड्राइव्ह जाऊ लागले. भारूड, बारशाचे फोटो, कुणाच्या नातवाचं पहिलं भाषण. रिकामा कोणताच परत गेला नाही.

मंजुषा पुढं परभणीत एका सेवा केंद्रात कामाला लागली. दाखले, अर्ज, आधार. सुट्टीला आली की दादांना, म्हणजे वडलांना, बजावायची, बाहेरचा पेनड्राइव्ह आधी तपासल्याशिवाय उघडायचा नाही. दादा मान डोलवायचे आणि ती बसमध्ये बसली की उघडायचे. तिनं एक वेगळी डिस्क आणून दिली होती, सगळ्याची दुसरी प्रत ठेवायला. दादांनी ती कॉम्प्युटरला कायमची जोडून ठेवली होती. कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला.

लग्नाला दहा दिवस राहिले होते, म्हणजे मंजुषाच्या स्वतःच्या लग्नाला, तेव्हा सकाळी केंद्रात तिला फोन आला.

"मंजे, लागली वाळवी."

"कशाला?"

"कॉम्प्युटरला. सगळ्या फायलींच्या मागं कायतरी शेपूट आलंय. उघडना गेल्यात. आन इंग्रजीत एक चिठ्ठी हाय. वाचून दाखवू?"

चिठ्ठीत काय असणार हे मंजुषाला वाचण्याआधीच समजलं. फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस होता.

"चोर बरा म्हणायचा," दादा म्हणाले. "पत्ता ठेवून गेला."

"दादा, काय उघडलं होतं?"

गाईच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजात दादांनी हळूच सांगितलं. किशनरावांनी पेनड्राइव्ह परत केला होता. लेकीचं लग्न म्हणून त्यात त्यांनी कौतुकानं पत्रिका बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर कुठूनसं घालून दिलं होतं. "लोकानं भरल्या हातानं दिलेला डबा," दादा म्हणाले, "न उघडता ठेवायचा का?"

"बटन बंद करा. पार वायर काढा. मी येते."

"सावकाश ये. बाकीच्यांचं काय न्हाई गं. ते म्हणून झालेत. एकच म्हणायचं ऱ्हायलंय."

तो शब्द तिला एस.टी.त बसल्यावर टोचला. एकच म्हणजे कोणतं, हे तिला माहीत होतं. पण आत काय आहे हे माहीत नव्हतं. आठ वर्षांची असताना एका पावसाळी दुपारी तिनं आपल्या लग्नाचं मंगलाष्टक स्वतःच दादांना सांगितलं होतं आणि दादांनी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं होतं. ती वही वाळवीनं पुरती संपवली त्याच्या आदल्या वर्षी ते कॉम्प्युटरमध्ये गेलं. 'मंजू' नावाची फाईल. "ह्याला मी फक्त चाल लावणार, शब्द तुझेच," दादा दर दिवाळीला म्हणायचे. विचारलं तर दाखवायचे नाहीत. ती सगळं विसरून गेली होती, आणि दादांना शब्दन्‌शब्द आठवायचा नाही. दुसरं लिहा म्हणावं, तर ते दुसरं असणार.

वालूरला पोचली तेव्हा दादा ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि किशनराव त्यांच्यासमोर मान खाली घालून, मध्ये गुळाची ढेप. माफीची.

"आरं, गूळ कशाला आणला?" दादा म्हणत होते. "आता ढेपीचं फडकं परत देताना त्यात काय घालू मी? व्हायरस?"

किशनरावांना हसावं की नाही कळेना.

मंजुषानं परमेश्वरला फोन लावला. परमेश्वर म्हणजे ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं तो. पिंगळीचा मुलगा, परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. केंद्राचा प्रिंटर सारखा बिघडायचा म्हणून तो सारखा यायचा. नंतर प्रिंटर बरा असतानाही यायचा, तेव्हा केंद्रातल्या बायकांनी पुढचं सगळं जुळवलं. तो दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर हजर झाला. पाठीवर लॅपटॉप, हातात नवी डिस्क.

कस्तुराबाईंची तारांबळ उडाली. लग्नाआधी जावई घरात, आणि तोही पालथा पडून टेबलाखाली! "जावईबापू, आधी चहा घ्या. पोहे घ्या. अवं, त्येंना उशी द्या पाठीला."

"मामी, उशी नको. पेचकस द्या," टेबलाखालून आवाज आला.

संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं तपासलं. कायमची जोडून ठेवलेली दुसरी प्रतही त्याच कुलपात गेली होती. या कुलपाची किल्ली अजून कुणाकडं नव्हती. उद्या-परवा निघेल, चार वर्षांनी निघेल, निघणारही नाही. जुनी डिस्क त्यानं काढून कागदात गुंडाळली आणि भगवानरावांच्या हातात दिली. "मामा, ही जपून ठेवा. फेकू नका, जोडूपण नका." नवी डिस्क बसली, सगळं नव्यानं भरलं, पडदा निळा उजळला. कॉम्प्युटर बरा झाला होता. आत काहीच नव्हतं. नवीन सारवलेल्या, अजून कुणी न चाललेल्या घरासारखा तो चकचकत होता, आणि दादा त्याच्याकडं परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखे बघत होते.

"लय मोकळं मोकळं वाटायलंय," ते म्हणाले, आणि शेंगांची टरफलं गोळा करून बाहेर टाकायला गेले. टरफलं मूठभर होती. त्यांना परत यायला बराच वेळ लागला.

गावाला बातमी किशनरावांनी दिली. पश्चात्ताप झालेला माणूस गावभर फिरला की दवंडीची गरज राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर माणसं जमली, आणि प्रत्येकाच्या मुठीत पेनड्राइव्ह. कुणाचा बाळाच्या दुपट्याच्या गाठीत बांधलेला, कुणाचा हळदीच्या डबीत, एक तर देव्हाऱ्यातून उचलून आणलेला, कुंकू लागलेला. त्यांच्या लग्नाचं मंगलाष्टक त्यात होतं. आणि फक्त त्यांचं नाही. भांडं रिकामं जाऊ नये म्हणून भगवानरावांनी प्रत्येकात इतर कुणाचं तरी घातलेलं होतं. ज्या वाटेनं रोग घरात आला त्याच वाटेनं घर परत यायला लागलं होतं.

परमेश्वरनं सुट्टी वाढवली. प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तो आपल्या लॅपटॉपला लावायचा. "माझ्यात विंडोज न्हाई," तो म्हणाला, "त्या रोगाला हितं खायला काय मिळत न्हाई." तपासून झालं की मंजुषा नुसता मजकूर उचलून नव्या डिस्कवर घ्यायची. दोघांचे खांदे एका टेबलाशी. कस्तुराबाई दर अर्ध्या तासानं काहीतरी खायला घेऊन यायच्या, कारण खांद्यांवर लक्ष ठेवायचं होतं.

दुपारी रामहरी आणि दैवशाला आले. नवरा-बायको, पण पोळ्यापासून एकमेकांशी अबोला. पेनड्राइव्ह त्यांच्याकडं नव्हताच; तो ट्रॅक्टरखाली गेला होता.

"पाठ हाय का?" मंजुषानं विचारलं.

"मला हाय," रामहरी म्हणाला. "लिव्ह. 'आली दैवशाला, घेऊनि कळशी—'"

"घागर," दैवशाला भिंतीकडं बघून म्हणाली.

"हिला सांग मंजू, कळशी होती."

"ह्येंना सांग, माझी होती ती. मला ठाव न्हाई का घागर का कळशी? आन पुढं 'पाय घसरला' हाय, ते गाळायचं न्हाई."

"मी कुटं गाळायलोय? पाय घसरला म्हणून तर मी तुला बगितलं."

दैवशालानं भिंतीवरची नजर काढून नवऱ्याकडं वळवली, पोळ्यानंतर पहिल्यांदा. "मग तवाच हात द्यायचा हुता," ती म्हणाली, "नुसतं बगत काय ऱ्हायला?" पुढचं मंगलाष्टक त्यांनी दोघांनी मिळून सांगितलं, तीन ठिकाणी भांडून.

तीन दिवसांत बरंचसं परत आलं. काही अर्धं आलं, काही आलंच नाही. दादा प्रत्येक आलेल्या मंगलाष्टकाला "या, या" म्हणायचे, पण त्यांची नजर पडद्यावरच्या नावांच्या यादीत 'म' पाशी जाऊन थांबायची. ते कुणाच्याच पेनड्राइव्हमध्ये असणार नव्हतं. जे म्हटलंच गेलं नाही ते कुणाला दिलं असणार?

चौथ्या दिवशी कस्तुराबाई भाकरी थापता थापता थांबल्या.

"आश्रुबाचा कुटं हाय?"

"काय?"

"पेनड्राइव्ह. आश्रुबाचा. कुणाच्या वाटीत काय घातलं, ते मला जलमभर ध्यानात ऱ्हातं. दोन सालाखाली, ईज जायलीच होती, त्यो दारात उबा, मेंढरं रस्त्यावर. तुमी रिकामाच द्यायलात. मी वरडले. मग तुमी कायतरी टाकलं. काय टाकलं?"

भगवानराव पाटावरून उठले. "समोर उघडं व्हतं ते टाकलं असंल," ते हळू म्हणाले. "आन मी एकटा असलो की समोर तेच उघडं असतं."

आश्रुबा मेंढपाळ. त्याचा फोन बंद होता, तो नेहमीच बंद असे. त्याच्या घरच्यांनी सांगितलं की मेंढरं सहा कोसावर एकाच्या रानात खतासाठी बसवलीत. परमेश्वरला लॅपटॉपपाशी ठेवून बापलेक त्याच्या मोटरसायकलवर निघाले. उन्हाळलेलं रान, वेचणी होऊन उलंगलेले कापसाचे फड, आणि लांबूनच ऐकू आलेली हलगी. बाभळीच्या फांदीला स्पीकर टांगला होता, त्याच्या कडेला निळा पेनड्राइव्ह खोचलेला, आणि अडीचशे मेंढरं ऐकत रवंथ करत बसली होती.

"भगवानदादा! आन नवरीबाई! उन्हाचं कामून आलात?"

सांगून झालं. आश्रुबानं पेनड्राइव्हवर हात ठेवला, काढला मात्र नाही. "म्या कदीच कॉम्प्युटरला लावला न्हाई तुमच्यानंतर. ह्या डब्यालाच असतो. पर ह्येच्याबिगर मेंढरं बसत न्हाईत हो."

"उद्या आणून देतो," दादा म्हणाले.

मंजुषाचं लक्ष एका मेंढीकडं गेलं. सगळ्यांपासून लांब, एकटी, खुंट्याला बांधलेली. "तिला काय झालं, काका?"

"कायबी न्हाई. बाजारातून आणली. आठ दिस येगळी ठिवायची. खोकली न्हाई तर आत. चांगली दिसती म्हणून तशीच कळपात सोडली तर समदा कळप जातो की."

दादांनी लेकीकडं वळून बघितलं. "हे तू मला आसं सांगायला पायजे होतं," ते म्हणाले. "तू काय ते स्कॅन स्कॅन करायचीस!"

मंजुषाला इतकं हसू आलं की जवळची चार मेंढरं उठून उभी राहिली. आश्रुबानं पेनड्राइव्ह काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, भगवानरावांच्या हातात ठेवला. "पर दादा," तो म्हणाला, "रिकामा परत देऊ नका."

घरी आले तेव्हा ऊन कललं होतं. परमेश्वरनं पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. हलगी, डफ, भारूड, पुन्हा हलगी. आणि सगळ्यात खाली, गाणं नसल्यामुळं स्पीकरनं कधीच न वाजवलेली एक लहानशी फाईल. 'मंजू'.

"खोकत न्हाई ना?" दादांनी विचारलं.

"न्हाई, मामा. निरोगी हाय."

"मग वाचा."

"मी?"

"तुमालाच ऐकायचंय ते. वाचा."

परमेश्वरनं घसा साफ केला. कस्तुराबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मंजुषा खुर्चीमागं होती. तिला आपणच कुठूनतरी दूरवरून बोलत येत आहोत असं वाटत होतं.

"'माझ्या लग्नात लय लांब मंगलाष्टक म्हणायचं न्हाई,'" परमेश्वर वाचू लागला. "'तांदूळ घामानं हाताला चिकटतात. नवऱ्याला सायकल आली पायजे. न्हाई आली तर मी शिकवीन पण त्यानं रडायचं न्हाई. आपल्या काळ्या शेळीला जेवायला बोलवायचं, पत्रावळी खाल्ली तरी मारायचं न्हाई.'"

"खाल्लीच असती तिनं," कस्तुराबाई म्हणाल्या.

"'मी सासरी सोमवारी जाईन आन शुक्रवारी येईन. मायनं माझी पांघरायची गोधडी कुणाला द्यायची न्हाई. नवऱ्यानं मला मंजे म्हणायचं न्हाई, मंजे फक्त दादा म्हणतात.'" परमेश्वर थांबला. त्यानं मान वळवून मंजुषाकडं बघितलं, आणि गंभीरपणे, मांडवात उभं असल्यासारखी, होकाराची मान हलवली. मग शेवटच्या ओळी.

"'दादांनी म्हणताना रडायचं न्हाई. लोकांच्या लग्नात रडत न्हाईत तर माझ्यात पण न्हाई. आन रडले तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. शुभमंगल सावधान.'"

कस्तुराबाई हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. परमेश्वरही हसत होता. "आता कसं, मामा?" तो म्हणाला. "तुमी तर म्हणता, मंगलाष्टक एकदाच म्हणायचं असतं."

मंजुषानं दादांकडं बघितलं. ते पडद्यावरच्या त्या वाकड्यातिकड्या ओळींकडं बघत होते, ज्यांना आता त्यांनी पाच दिवसांत चाल लावायची होती. त्यांचे ओठ हलले, चाल जुळवत असावेत तसे, आणि 'रडायचं न्हाई'पाशी येऊन थांबले. त्यांनी लॅपटॉपमधून निळा पेनड्राइव्ह स्वतःच्या हातानं काढायला हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला. त्यात अजून काही घालायचं बाकी होतं.

मग ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली, डोक्यावर न घालता हातात चुरगळली, उंबऱ्याशी पायानं चपला चाचपल्या. एक मिळाली. दुसरी परमेश्वरच्या बुटाखाली होती. ती त्यांनी मागितली नाही. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असे ते ओसरी उतरून उन्हात निघून गेले.